ढालीवरची एकुलती खूण

या मित्रांनो, जरा जवळ या. हात लावलात तरी चालेल. मी एक म्हातारी ढाल आहे, आता कोणाला लागेल-बोचेल असे माझ्यात काही उरलेले नाही. चित्रातल्या राजाच्या हातात असते तशी गोल, पितळी फुलांची ढाल मात्र मी नव्हे. मी काळी, उभट, उभ्या माणसाच्या गुडघ्यापासून कपाळापर्यंत पोचणारी. वर जाड काचेची एक अरुंद खिडकी, तिच्या खाली एक दिवा. मागे धरायची मूठ, आणि मुठीवर जिथे अंगठा टेकतो तिथे दिव्याची कळ. कोणी हत्यार घेऊन स्वतःला कोंडून घेतले, कोणाचा जीव दाराआड अडकला, की पोलिसांच्या ज्या विशेष पथकाला बोलावतात, त्या पथकाची मी ढाल होते.

माझ्या उजव्या खांद्याशी एक खळगा आहे. येणारा प्रत्येक जण तिथेच बोट घालतो आणि डोळे मोठे करून विचारतो, "कुठल्या गुंडाची गोळी ही?" मी गप्प राहते. आज तुम्ही इतक्या आपलेपणाने बसला आहात तर सांगते. ही गोळी कोणत्याही गुंडाची नाही.

पण गोष्ट मुळापासून सांगावी. माझा जन्म धाग्यांपासून झाला, असे म्हटले तर तुम्ही हसाल. खरेच सांगते. एकेकटा धागा फुंकरीने उडावा इतका हलका. त्या धाग्यांचे कापड विणले, कापडाचे थर एकावर एक रचले, थरांमध्ये चिकट रस भरला आणि मोठ्या यंत्राच्या जबड्यात तापवून दाबले. बाहेर आले तेव्हा मी ढाल झाले होते. माझ्यात लोखंड नाही हो, मित्रांनो. जे काही बळ आहे ते एकमेकांना चिकटून राहिलेल्या धाग्यांचे.

आमच्या खेपेतल्या एका बहिणीला कारखान्यातल्या लोकांनी बाजूला काढले आणि भिंतीशी उभे करून तिच्यावर गोळ्या झाडल्या. ती फुटली नाही, म्हणून बाकीच्या आम्ही खऱ्या ठरलो. तिचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. पण देवाघरी जमा-खर्च असेल तर आम्ही वाचवलेला प्रत्येक जीव आधी तिच्या नावावर लागत असेल, असे मला वाटते.

मी पथकात आले ती खांबाच्या हातात. खांब हे त्याचे खरे नाव नव्हे. तो पुढे उभा राहिला की हलत नसे म्हणून सगळे त्याला खांब म्हणत. पथकाच्या रांगेत ढालवाला सर्वांत पुढे असतो. त्याचा एक हात ढालीत अडकलेला, म्हणून त्याला मोठी बंदूक धरता येत नाही. मागच्यांनी त्याच्यावर विसंबायचे आणि त्याने देवावर.

"खांबा, जरा बाजूला हो की, आम्हालाही दिसू दे जग!" मागचे लोक सरावाच्या वेळी ओरडत.

"जग तसंच आहे, बाबांनो. काही नवीन झालं की सांगतो," खांब वळूनही न बघता म्हणे.

त्याची एक सवय होती. कामावर निघताना तो खिशातला निळा रुमाल काढी, माझ्या काचेवर तोंडाची वाफ धरी आणि देवाचे नाव गुणगुणत ती पुसून काढी. गळा यथातथाच, पण भाव असा की मी आतल्या धाग्यापर्यंत निवून जाई. एकदा कोणीतरी चिडवले, "अरे, आरसा आहे का तो? किती पुसशील?"

"काच मळली ना, की समोरचा माणूस डागासारखा दिसतो," खांब म्हणाला. "डाग दिसला की हात पुसून टाकायला धावतो. माणूस दिसला की थांबतो."

मग तो माझ्या कडेवर कपाळ टेकवून म्हणे, "देवा, आज हिच्यावर ओरखडाही नको." आणि खरोखर, वर्षानुवर्षे माझ्यावर ओरखडा नव्हता. आम्ही दारांपुढे उभे राहिलो, जिने चढलो, धुरात शिरलो, माणसे बाहेर आणली. दुसऱ्या ढालींवर खुणा होत्या. लोक मला 'नवरी' म्हणून हसत. खांबाला मात्र त्याचाच अभिमान होता.

आता तो दिवस सांगते. तुम्ही श्वास रोखून ऐका, कारण त्या दिवशी आम्हीही तसेच होतो.

सकाळची वेळ होती. टपाल खात्याच्या कर्मचाऱ्यांची एक जुनी चार मजली इमारत. तिच्या तिसऱ्या मजल्यावर एक टपाल कारकून आपल्या आईबरोबर राहत असे. उभी हयात त्याने दुसऱ्यांची पत्रे बरोबर खणात टाकण्यात घालवली होती. तो निवृत्त झाला होता आणि घर सोडायची मुदत संपली होती. आई अंथरुणाला खिळलेली. घर रिकामे करून घ्यायला माणसे आली आणि त्यांच्यातला एक जण म्हणाला, "म्हातारीला उचला आणि खाली ठेवा." ते ऐकून कारकुनाने माळ्यावरची वडिलांची शिकारीची बंदूक काढली, छतावर एक बार उडवला, माणसांना पिटाळले आणि दाराला कडी घातली. आता आत तो, त्याची आई आणि ती बंदूक.

आम्ही पोचलो. पण मित्रांनो, हा देश संघराज्य आहे. काही गोष्टी राज्याच्या, काही केंद्राच्या. आमचे पथक राज्याचे. रस्ता राज्याचा, रस्त्यावरचा दिव्याचा खांबसुद्धा राज्याचा; पण टपाल खाते केंद्राचे, म्हणून इमारत केंद्राची. नियम असा की केंद्राचे पथक येईपर्यंत आम्ही माणसे सुरक्षित ठेवायची, बोलणे चालू ठेवायचे, आणि ते आले की सगळे त्यांच्या हाती सोपवायचे.

बोलण्याचे काम ताईंचे. आमच्या पथकात समजूत घालायला एक बाई होत्या, त्यांना सगळे ताईच म्हणत. दारापासून खाली, जिन्याच्या वळणावर, खांबाने मला समोर धरले आणि ताई माझ्या आडून बोलू लागल्या.

"दादा, मी कुठे जात नाही. तुम्ही ओरडा, गप्प बसा, काहीही करा. मी इथेच आहे."

आतून बराच वेळ शिव्या आल्या. मग रडणे आले. मग आवाज आला, "तुम्ही आईला फरफटत नेणार."

"तुमच्या आईंना खुर्चीत बसवून चार जण उचलून नेतील. तुम्ही बाजूला चालाल. त्यांचा हात तुमच्या हातात असेल."

"कशावरून?"

"माझ्या शब्दावरून. दुसरं काही नाही माझ्याकडे."

खांबाच्या हाताचा घाम माझ्या मुठीला लागत होता. शेवटी कारकून म्हणाला, "मला आईचे केस विंचरून द्यायचेत. तिला असं बाहेर नाही नेणार."

"सावकाश आवरा."

"पण तुम्ही दार फोडाल. डोळ्यांवर तो झगझगीत दिवा माराल. मी टीव्हीवर पाहिलंय सगळं."

तेव्हा ताईंनी तो शब्द दिला. "असं करू. तुमच्या दाराच्या भोकातून तुम्हाला आमची ढाल दिसेल. तिच्यावर दिवा आहे. तो दिवा बंद दिसला की समजा, आम्ही शब्दाला जागतोय. मग दार उघडा. बंदूक नळीकडून धरा आणि दस्ता पुढे करा. दिवा लागलेला दिसला तर दार उघडू नका."

"बंद दिसला तरच," आतून आवाज आला.

"बंद दिसला तरच."

आणि त्याच वेळी खाली गाड्यांचे आवाज झाले. केंद्राचे पथक आले होते.

ते लोक वाईट नव्हते हो. विमानाने लांबून आले होते, दमलेले होते आणि तरी तत्पर होते. त्यांच्या साहेबांनी आमच्या प्रमुखांशी हात मिळवला. आमच्या प्रमुखांनी सगळे सोपवले. इमारतीचा नकाशा सोपवला, किल्ल्या सोपवल्या, गच्चीची वाट दाखवली, शेजारी कुठे हलवले ते सांगितले. ताईंना रस्त्याच्या टोकाच्या गाडीत पाठवले, कारण केंद्राचा बोलणारा माणूस वेगळा होता. प्रमुखांना वाटले, बोलण्यातले जे काही असेल ते ताईंनी सांगितले असेल. ताईंना वाटले, खांबाने निरोप देताना प्रमुखांना सांगितले आहे, म्हणजे ते पुढे पोचलेच. खांबाने प्रमुखांना सांगितले होतेच. पण त्या गडबडीत, एका कानाला बिनतारी यंत्र लावून ऐकत असलेल्या माणसाला. सगळे सोपवले गेले, मित्रांनो. फक्त दिलेला शब्द तेवढा जिन्याच्या वळणावर पडून राहिला.

आणखी एक अडचण. केंद्राच्या ढाली ट्रकने येत होत्या आणि ट्रक वाटेतच होता. साहेबांनी आमची ढाल मागितली.

"ढाल घ्या, पण तिच्याबरोबर खांबही घ्यावा लागेल. दुसऱ्याच्या हातात ती रुसते," आमचे प्रमुख म्हणाले. सगळे किंचित हसले. त्यानंतर बराच वेळ कोणी हसले नाही.

आम्ही जिना चढू लागलो. पुढे मी आणि खांब, मागे केंद्राचे साहेब, त्यांच्या मागे त्यांची माणसे. जिन्याला खिडकी नव्हती. वीज तोडलेली. बाहेर लख्ख दुपार आणि आत पोटात शिरल्यासारखा काळोख. आमच्या वरच्या पायऱ्यांवर, चौथ्या मजल्याच्या वळणाशी, गच्चीवरून उतरलेला त्यांचा एक नेमबाज बसला होता. तिथून त्याला कारकुनाचे दार दिसत होते. जिन्याच्या तोंडाशी कोपऱ्यात आमच्या सावल्या त्याला दिसल्या असतील-नसतील.

दारापुढे पोचलो. साहेबांनी खांबाच्या कानाशी तोंड नेले. "दिवा लाव."

खांबाचा अंगठा कळीवर होता. तो दाबला गेला नाही.

"दिवा लाव," पुन्हा कुजबुज आली.

"साहेब, दिवा नाही लावायचा. शब्द दिलाय."

"कुणी?"

"ताईंनी. दिवा बंद दिसला तर तो दार उघडणार. लागला तर नाही."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मी सांगतोय ना आता."

साहेबांचा श्वास मला ऐकू येत होता. "ऐक. असाच जिना होता, असाच अंधार. माझा माणूस पुढे होता आणि मला दिसलाच नाही तो पडताना. तेव्हापासून आमच्यात ढालीचा दिवा पेटता ठेवतात. वर माझा नेमबाज बसलाय. दिवा दिसला तर त्याला कळतं, ढालवाला उभा आहे. दार उघडताना दिवा नसेल तर तो समजणार, तू पडलास."

मित्रांनो, घोळ पाहा. एकाच दिव्याकडे दोन माणसे डोळे लावून बसली होती. दारामागच्या माणसाला तो विझलेला हवा होता, जिन्यावरच्या माणसाला पेटलेला. आणि कळ खांबाच्या अंगठ्याखाली.

"मग त्याला सांगा," खांब म्हणाला.

साहेबांनी खांद्यावरच्या यंत्रात हलकेच हाक मारली. नुसती खरखर. जुन्या जाड भिंतींच्या त्या पोटात यंत्र मुकेच झाले होते. वर ओरडावे तर आतला घाबरणार. हातात बंदूक असलेल्या घाबरलेल्या माणसापुढे ओरडणे म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होते.

साहेबांनी खांबाच्या खांद्यावर हात ठेवून दाबला. "बंद ठेव. मी खालच्या मजल्यावर जातो, तिथे यंत्र लागतं. सांगून येतो. तोवर दार उघडू देऊ नको."

ते मांजराच्या पावलांनी खाली गेले. दार उघडू देऊ नको, हे म्हणणे सोपे. पण दाराच्या भोकाशी एक डोळा आला होता, हे मला माझ्या काचेतून दिसले. भोकातला उजेड मिटला, पुन्हा दिसला. दाराखालच्या फटीतून येणाऱ्या उजेडात आतल्या माणसाने ढाल पाहिली होती. दिवा बंद होता. ताईंनी शब्द पाळला होता.

खांब ओठ हलवत होता. देवाचे नाव असावे.

आणि कडी वाजली.

दार हळूहळू उघडले. आधी एक दस्ता बाहेर आला, सांगितला होता तसा. पण वरून, त्या नेमबाजाच्या जागेवरून, दस्ता दिसत नव्हता. दिसत होती अंधारात सरकणारी बंदूक आणि तिच्यामागे एक हात. आणि दिवा नव्हता.

खांबाने वर पाहिले नाही. पाहायला वेळच नव्हता. ज्या हाताने तो आयुष्यभर मला स्वतःपुढे धरत आला, त्याच हाताने त्याने मला उचलले आणि कारकुनाच्या डोक्यावरून तिरकी धरली. खांबाची स्वतःची छाती, पोट, सगळे उघडे. मी त्या परक्या माणसावर झाकण घातल्यासारखी झाले.

आवाज झाला. असा आवाज मी सरावात हजारदा ऐकला होता, पण अंगावर पहिल्यांदाच. खांद्याशी आग घुसली. एक थर फाटला, दुसरा फाटला, तिसऱ्याने चौथ्याचा हात धरला. ती भिंतीशी उभी केलेली बहीण मला तेव्हा आठवली. गोळी माझ्यातच थांबली.

"उभा आहे!" खांब घसा फाटेस्तोवर ओरडला. "मी उभा आहे रे! झाडू नको! उभा आहे मी!"

वरून दुसरी गोळी आली नाही. खालून साहेब धावत आले, त्यांचे शब्द यंत्रात आता पोचत होते आणि आता त्यांचा उपयोग नव्हता. कारकून माझ्याखाली गुडघ्यांवर बसला होता. बंदूक त्याने केव्हाच टाकली होती.

"दिवा बंद होता," तो पुन:पुन्हा म्हणत होता. "दिवा बंद होता ना, दादा?"

"बंदच होता," खांब म्हणाला. "तुम्ही बरोबर केलंत. अगदी बरोबर."

तेवढ्यात आतून एक पातळ आवाज आला. "कोण आलंय रे? आणि बूट घालून आत येऊ नका म्हणावं, फरशी पुसलीय."

मित्रांनो, काय सांगू, त्या काळोखात केंद्राचे साहेब आधी हसले आणि मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवले. आणि खरोखर बूट काढले. त्यांच्या मागून सगळ्यांनी काढले. म्हातारीचे केस नीट विंचरलेले होते. दोन आमचे, दोन केंद्राचे, अशा चौघांनी खुर्ची उचलली. कारकुनाच्या हातात बेड्या पडायच्याच होत्या, पण साहेबांनी त्या खालच्या पायरीपर्यंत पडू दिल्या नाहीत. तोवर त्याचा हात आईच्या हातात होता. पुढे न्यायालयात त्याचे जे व्हायचे ते झाले. त्याला शिक्षा थोडी झाली आणि आईला तळमजल्यावरची खोली मिळाली, एवढे माझ्या कानावर आले.

तो नेमबाज पायरीवर बसून राहिला होता. बंदूक बाजूला ठेवलेली, हात मांड्यांमध्ये दाबलेले. खांब त्याच्याशेजारी जाऊन बसला आणि मला दोघांच्या गुडघ्यांना टेकवून ठेवले.

"तुला वाटलं मी पडलो."

त्याने नुसती मान हलवली.

"माझ्यासाठीच झाडलीस ना? मग मी तुला काय बोलू?" खांब म्हणाला. त्याने निळा रुमाल काढला, मला वाटले माझी काच पुसणार. पण त्याने तो त्या माणसाच्या हातात दिला.

त्या संध्याकाळी ताई आल्या. त्यांनी माझ्या खळग्याला बोट लावले. आमच्या प्रमुखांनीच मान खाली घालून विचारले, "काय राहिलं सोपवायचं?"

"शब्द," ताई म्हणाल्या.

तेव्हापासून एक गोष्ट बदलली. कोणतेही पथक आपली जागा दुसऱ्याच्या हाती देते तेव्हा सगळ्यात शेवटी, उभ्या-उभ्या, एक प्रश्न विचारला जातो: "आतल्या माणसाला काही कबूल केलंय का?" राज्याचे असोत वा केंद्राचे, याचे उत्तर मिळाल्याशिवाय कोणी पायरी चढत नाही.

माझे म्हणाल तर मी त्यानंतर कामावर गेले नाही. ज्या ढालीने गोळी घेतली तिच्यावर पुन्हा कोणी जीव सोपवत नाही, आणि ते बरोबरच आहे. माझी वाहवा झाली, एका समारंभात मला टेबलावर ठेवले, हार घातला. मग हार सुकला. मग मी कोठारात केरसुण्यांमागे गेले. कोणी माझ्यावर ओला रेनकोट टाकी, कोणी चहाचा पेला ठेवी. दिव्यातली बॅटरी गळून गेली. खांब निवृत्त झाला त्या दिवशी कोठारात आला, मला शोधून काढले, आणि खिशात हात घालून थांबला. रुमाल कुठे होता ते आम्हा दोघांनाही माहीत होते. मग त्याने सदऱ्याच्या बाहीने काच पुसली आणि माझ्या कडेवर कपाळ टेकवले. या खेपेस ओरखड्याबद्दल तो देवाशी काही बोलला नाही.

ताईंनीच पुढे मला इथे, नव्या पोलिसांच्या शिकवणीच्या खोलीत आणून ठेवले. ही खोली पाहायला शाळेची मुलेही येतात, म्हणून तर आज तुमची-माझी गाठ पडली.

तेव्हा मित्रांनो, जे मागायचे ते थोडेच आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुठली ना कुठली जागा कोणाकडून तरी घ्याल, कोणाला तरी द्याल. किल्ल्या देताना, काम देताना, घर देताना, तिथे कोणाला काही कबूल केले असेल तर तेही हातात द्या. ते वस्तूंच्या ढिगात आपोआप जात नाही.

आणि निघताना तुमच्यातल्या एकाने माझ्या काचेवर वाफ धरून ती पुसून द्यावी. बरीच मळली आहे. पलीकडे जो उभा असेल तो माणूस दिसायला हवा.